आता नुसतीच काळदरी

नवं पुस्तक भंडाऱ्याहून एसटीनं आलं,
ड्रायव्हरच्या सीटमागं, खोक्यावर धानाचा कोंडा.
कव्हरवर आकडा नव्हता.

आमच्यावर होता. तिसरी, सुधारित.
आमची म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स,
मीच काढलेली, माझ्याच दुकानात.
पान एकशे बारा वाकडं आलेलं,
म्हणून विषाचा तक्ता अर्धाच,
म्हणून आमच्या दरीत सहा वर्षं
विषानं कुणी पुरतं मेलं नाही.

प्रस्तावनेत म्हटलंय :
तिसरी, चौथी असं यापुढं काही नाही.
ही फक्त काळदरी.

"मंग इतके दिस आपन काय खेळत होतो?"
मोनाली बावनकरनं विचारलं
आणि पुस्तक उलटं ठेवलं.

खुशालनं फासे मुठीत धरले, टाकले नाहीत.
त्याचा चोर आता चोर नव्हता,
पान तेवीसवर तो छायाचर झालेला.
"चोऱ्या तं त्याच हायेत ना?"
त्याच. फक्त कुलपाला वेगळा फासा.

तन्वीर एकाच पानावर अडकला.
शून्यावर आलेल्याला आता तीन संधी मिळतात.
त्याचा भालाईत एकाच फाशावर गेला होता,
दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या रात्री;
आम्ही त्याला नदीकाठी जाळलं,
म्हणजे तसं बोललो, दोन तास,
आणि कोणी चहा मागितला नाही.
"वाचला असता," तन्वीर म्हणाला.
पान मिटेना त्याच्याच्यानं.

तसं आमच्या गावाला हे नवं नाही.
धरणात गेलो तेव्हा पाटी लागली, नवी टेंभरी.
मग टपालात आलं, टेंभरी पुनर्वसन.
गेल्या उन्हाळ्यात रंगारी आला
आणि नुसतंच टेंभरी लिहून गेला.
आता पाण्याखालच्या गावाला नाव उरलं नाही.
म्हातारी माणसं त्याला जुनी टेंभरी म्हणत नाहीत.
म्हणतात, घरी.
घरी मोह लई पडे.
घरी विहिरीचं पानी गोड होतं.

संघदीप खोब्रागडे एवढा वेळ गप्प.
त्याच्यापुढं कोरा कागद, पात्राचा.
जुन्या कागदावर नावाखालीच एक चौकट होती.
मराठी करताना मी तिथं लिहिलेलं : जात.
बुटका, यक्ष, दानव, माणूस.
तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं.
सहा वर्षं त्यानं ती चौकट भरली नाही.
"अबे, भर ना," मी म्हणायचो.
"तू फासा टाक," तो म्हणायचा.

नव्या पुस्तकानं शब्दच बदललाय.
मी दोन दिवस शोधत होतो, मग लिहिलं : उगम.
त्यानं पेन्सिलीला टोक केलं.
लिहीत राहिला.
ओळ चौकटीतून बाहेर गेली, समासात गेली,
कागद फिरवून त्यानं उभी लिहिली.
मला वाचायला दिली नाही.
मीही मागितली नाही.

राहिला जुन्या पुस्तकाचा प्रश्न.
सगळंच काळदरी, तर ह्याला काय म्हणावं?
तिसरी म्हणवेना, पहिलीदुसरी आम्ही पाहिलीच नाही.
मोनालीच म्हणाली, "वाकडी."
झालं. वाकडी.

शनिवारी आता नवी खेळतो.
खुशाल अजून चोरच म्हणतो स्वतःला,
कुलूप मात्र नव्या फाशानं उघडतो.
वाकडी काउंटरखाली आहे,
उत्पन्नाच्या दाखल्यांच्या गठ्ठ्याखाली.

परवा नववीतला एक पोरगा आला,
शाळेचा शर्ट, खिशाला शाई.
"दादा, वाकडीची एक कॉपी केवढ्याले?"
मी मशीन तापवलं.
एकशे बारापाशी हात थांबला.
विषाचा अख्खा तक्ता तन्वीरच्या मोबाइलात आहे,
एक फोन केला असता तर आला असता.
पोरगा बाकावर बसून पाय हलवत होता.

वाकडंच टाकलं पान.