छायाचित्र क्रमांक सतरा

मे महिन्यात नागपुरात इमारती तपासू नयेत
असं कुठल्याच परिपत्रकात म्हटलेलं नाही.
म्हणून मी सकाळी साडेनऊला सिव्हिल लाइन्समध्ये,
तोंडाला दुपट्टा, पाठीवर मापनयंत्रांची पिशवी,
अभिलेख कार्यालयाच्या दारात.
बाहेर एकोणचाळीस. आत एकतीस.
पहिली नोंद हीच.

दोन इमारती, मीटर एकच.
जुनी काळ्या दगडाची, भिंत दोन फूट,
छताशी झरोके, दोरीनं उघडणारे.
नवी काचेची, पश्चिमेला तोंड करून उभी,
जणू उन्हाला कुणी जेवायचं आवतण दिलंय.

नवीला प्रमाणपत्र मिळालेलं आहे:
चार तारे, सोनेरी चौकट, पायऱ्या चढताच समोर.
ते नीट दिसावं म्हणून वर एक दिवा, रात्रंदिवस चालू.
त्याचं बटण कुठंय ते कुणालाच माहीत नाही.
मी लिहून घेतलं:
चाळीस वॅट गुणिले चोवीस तास,
वर्षाला साडेतीनशे युनिट,
कागद वाचता यावा म्हणून.

अधीक्षक लांजेवार जुन्या भिंतीकडे बघत म्हणाले,
"हिचं काही जमते का मॅडम? एखादा तारा?"
पोराला निदान पस्तीस तरी द्या, तसं.

ट्यूबलाइट बेचाळीस, त्यातल्या सात फडफडणाऱ्या.
कूलर अकरा. खस एकालाच, तो साहेबांचा.
"पाणी कोण भरतं?"
एक बादली थांबली.

रेवनाथ उके. मार्च ते जून, रोजंदारीवर.
"पाचले येतो मी. चौकीदार झोपला रायते.
समद्या खिडक्या खोलतो, झरोक्याच्या दोऱ्या सोडतो,
रातची थंडाई आत घेतो.
आठच्या आत पुन्हा बंद.
मंग भिंत तीन वाजेलोक दम धरते."
"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"
"कोन सांगन? आंगाले समजते."

माझ्या तक्त्यात भिंतीची जाडी आहे,
काचेचं प्रमाण, गच्चीचा रंग, पंप किती वर्षांचा,
आणि शेवटी 'इतर'.
'इतर'मध्ये बारा अक्षरं मावतात.
त्याच्या नावालाच सहा लागली.
उरलेल्या सहांत
एक आख्खी पहाट बसवायची होती.

दुपारी दोनला उष्णतेचा कॅमेरा काढला.
काचेची भिंत पडद्यावर पांढरीफटक पेटलेली.
आत माणसं जाड पडदे ओढून
ट्यूबलाइटखाली सूर्यप्रकाशाचे फायदे छापलेली
पुस्तिका चाळत होती. खोटं नाही सांगत.

मग जुना व्हरांडा.
रेवनाथनं बादली खाली ठेवली,
ओला हात भिंतीला टेकवून कंबर सरळ केली
आणि गेला, सातव्या कूलरकडे.
पडद्यावर मागे राहिला एक निळा तळवा,
पाची बोटं, अंगठा जरा वाकडा.
कडांनी विरत गेला.
मी बटण दाबलं होतं.

अहवालात जुनीचा निर्देशांक नवीच्या तिसऱ्या हिश्शाइतका आला.
निष्कर्ष एका ओळीचा:
जोडभार फारच कमी असल्याने
तारांकनासाठी अपात्र.
लांजेवारांना फोनवर सांगितलं तेव्हा ते हसले,
मग म्हणाले, "म्हणजे एसी लावा म्हणता?"

जुलैत मुख्य कार्यालयाचा शेरा आला:
परिशिष्ट ब, छायाचित्र क्र. १७,
संदर्भ कळत नाही.
गळती असल्यास ठिकाण नमूद करावे.

रोजंदारी पंधरा जूनलाच संपली होती.
कूलर आता माळ्यावर, उलटे,
झरोक्यांच्या दोऱ्या खिळ्याला बांधलेल्या, आणि तो कुठं ते
हजेरीपटातही नाही.

ठिकाण तेवढं सांगता येईल.
उत्तर व्हरांडा, दुसरा खांब सोडून,
जमिनीपासून साडेतीन फूट.