कोरा करून द्या

यंत्राला वाटतंय, आज एक जानेवारी दोन हजार नऊ.
आतला बटणाएवढा सेल मेलाय,
म्हणून वीज लागली की दर वेळी
ते डोळे चोळत त्याच पहाटेत उठतं.
सेल मी बदलत नाही एवढ्यात.
आधी बघू, जगतंय का.

कुताइसीच्या बाजारामागे, जिन्याखाली माझं दुकान.
दीड माणूस मावतो :
मी, आणि गिऱ्हाइकाचा उजवा खांदा.
आजचा खांदा रेवाझचा. वय सतरा.
मावशीच्या बागेतले हेझलनट वेचून, पोती वाहून
एकशे चाळीस लारी जमवले त्यानं
आणि बारीहून येणाऱ्या मिनीबसच्या ड्रायव्हरकडून
हे धूड घेतलं.
की-बोर्ड इटालियन, एक बिजागरी लुळी,
पंख्यात धूळ
आणि कुणाच्या तरी पांढऱ्या कुत्र्याचे केस.
"अगदी कोरा करून द्या," म्हणाला,
न्हाव्याला सांगावं तसं.

पुसण्याआधी मी एकदा आत डोकावते.
चांगली सवय नव्हे.
भाड्याची खोली सोडताना खण उघडून बघतात ना,
तसंच. फक्त खोली दुसऱ्याची.

फोटो नव्हते. कुणीतरी नीट आवरून गेलं होतं.
एक फाइल तेवढी राहिलेली, बिननावाची :
सकाळी आठ, अर्धी पांढरी, एक पिवळी.
दुपारी सूप, मीठ नाही.
रात्री रागावतात. रागावू द्यावं.
आणि खाली शब्द,
डावीकडे इटालियन, उजवीकडे आमचे,
परक्या लिपीत अंग चोरून बसलेले :
दोलोरे म्हणजे ट्कीविली, दुखणं.
कुशीनो म्हणजे बालीशी, उशी.
दोमानी म्हणजे ख्वाल, उद्या.
दोमानी तीनदा लिहिलेलं.

माझी आई बारीत नव्हती, फ्लोरेन्सला होती,
अकरा वर्षं, तीन म्हाताऱ्यांकडे.
तरी मी फाइल दोनदा वाचली
वळण ओळखीचं वाटतंय का बघत.
टाइप केलेल्या अक्षराला कसलं आलंय वळण.

"झालं का?" खांदा म्हणाला.
मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.
त्यानं ओठ हलवत सगळं वाचलं, शेवटपर्यंत.
"पांढरी अर्धीच का?"
मला काय ठाऊक.

पेनड्राइव्ह खोचला. एफ-बारा, एफ-बारा, एफ-बारा,
आतलं माणूस बहिरं असल्यासारखं दार ठोठावत.
मग तो प्रश्न, सगळ्यांना एकाच आवाजात विचारलेला :
या डिस्कवरचं सारं नष्ट होईल. पुढे जायचं?
माझं बोट कीवर होतं.
दाबलं त्यानं.

अडतीस टक्क्यांवर बाजाराची वीज गेली.
बॅटरीत जीव चार मिनिटांचा.
अंधारात आम्ही दोघं त्या निळ्या पट्टीकडे बघत राहिलो,
कुणी खोकलं तरी ती विझेल अशा बेतानं.
साडेतीन मिनिटांनी शेजारच्या खाटकाचा फ्रीज घुरघुरला
आणि रेवाझनं श्वास सोडला.

संगणकाला नाव द्या, असं विचारलं यंत्रानं शेवटी.
त्यानं मावशीच्या गायीचं दिलं : जेराना.

नवा सेल घातला. तारीख जागेवर आली.
बॅटरीखाली चिकटपट्टीवर निळ्या शाईत
कुणाचा तरी जुना पासवर्ड होता,
तिथवर आपलं पुसणं पोचत नाही. राहू दिला.
मजुरी तीस लारी, सेलचे पैसे नकोत.
"आता धावेल ना?"
धावणार नाही, म्हटलं. चालेल.

रात्री घरी आईनं माझ्या काळ्या स्वेटरवरून
चिमटीत एक पांढरा केस उचलला,
दिव्याजवळ नेला.
"कुत्रा कुणाचा?"
बारीतला आहे, म्हटलं.
"अस्सं," म्हणाली.
केस तिनं फेकला नाही लगेच.
"नाव काय गं त्याचं?"