तूट

महापे, चौथा मजला. काचेला चिकटवलेला तक्ता:
वेग बेचाळीस. कव्हरेज ब्याण्णव टक्के.
उघडे बग शून्य.
शून्याभोवती कुणीतरी स्केचपेनने
पाकळ्या काढल्यात.

मी टेस्टर. ते शून्य माझ्या नावावर जमा.
स्प्रिंट संपायच्या आदल्या रात्री
सात बगांना आम्ही 'सुधारणा' म्हटलं
आणि पुढच्या महिन्याच्या रांगेत बसवलं.
खोटं नव्हे ते.
नाव तेवढं बदललं, लग्नात बदलतात तसं.

मग एकदा तुर्भ्याला गेले, कांदा-बटाटा बाजारात,
आमचं ॲप जिथे काट्याला जोडलंय.
पहाटे साडेपाच. मापाडी गेनभाऊ वाळुंज
दर गोणीला स्क्रीन दोनदा दाबत होते.
दोनदा का?
"येकदा दाबलं की मागल्या गोणीचं वजन येतंय."
तक्रार नाही केली?
"कुनाकडं? हाताला सवय लागली, ताई."

खिशातून वही काढली, विडीच्या बंडलाएवढी.
चार रेघा उभ्या, पाचवी आडवी:
कितीदा मागचं वजन आलं,
कितीदा अर्धा किलो कुठे गेला कळलं नाही,
मार्गशीर्षापासून.
बावीस पानं. कांद्याचा वास असलेली.
हे कशाला लिहिता, विचारलं
तर माझ्याकडे बघत राहिले.
"मोजायचंच काम हाय ना माझं."

शुक्रवारी रेट्रो. कीर्तना समेळ गुलाबी चिठ्ठ्या वाटत म्हणाली,
आधी चांगलं काय झालं ते.
मी झेरॉक्स ठेवली टेबलावर.
निषादने पहिलं पान वाचलं, मग बसून सगळी वाचली.
कुणीतरी म्हणालं, किती पॉइंट देऊया याला?
तीन. आठ. पाच.
एसीचा आवाज ऐकू येईपर्यंत
आम्ही बोली लावत होतो.

पुढच्या स्प्रिंटला वेग सव्वीस, उघडे बग एकोणतीस.
वरून फोन आला: क्वालिटी का घसरली?
पाकळ्या पुसल्या नाहीत कुणी.
मधला आकडा तेवढा बदलला,
फुलात मावेना म्हणून तिरका लिहिला.

काल पुन्हा गेले तुर्भ्याला.
वजन आता पहिल्याच दाबाला येतं, बरोब्बर येतं.
गेनभाऊ दाबतात मात्र दोनदाच,
आणि दुसऱ्या दाबाला
एका गोणीच्या दोन होतात.

हसले. पेन कानामागून काढलं.
तेविसावं पान.