फोटो नको, लिही

रात्री पावणेदोनला उशाशी फोन थरथरतो.
अंबडच्या कुठल्याशा शेडमधून निरोप.
कानातली बाई म्हणते: चित्र.
पुढे काही नाही.
साहेबाच्या केबिनबाहेरचा शिपाई जसा
आत कोण बसलंय ते सांगत नाही.

मी टाइप करतो: फोटो नको, लिही.
स्क्रीनवर आहे ते, अक्षर न् अक्षर.

दुसरा फोटो येतो. बहुतेक अजून जवळून.
चित्र.
तिसरा.
चित्र, बहुधा बोट.

हर्षल बेंडकोळी, पेठकडचा,
आयटीआय करून मशीनवर लागला त्याला सहा महिने.
माझ्या डोळ्यांचं त्याला ठाऊक नाही.
आधी कडा गेल्या, मग मधलं.
शेवटच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, भिंतीवरचा तक्ता वाचा,
मी म्हटलं, भिंत दाखवा.
हे सगळं सांगावं लागू नये, एवढी हौस उरलीय.

म्हणून त्याला दुसरं कारण देतो. तेही खरंच आहे.
नऊ वर्षांचे आजार जपलेत मी या फोनमध्ये.
'कूलंट' अशी हाक मारली
की एकशे बारा ओळी ओ देतात,
सातपूरच्या, सिन्नरच्या, एक तर पार मालेगावची.
चित्राला हाक कशी मारायची?
उद्या हेच दुखणं दुसऱ्या मशीनला झालं
तर तुझा फोटो मुका बसेल, बाळा.
लिही.

बराच वेळ काही नाही.
मग बाई वाचू लागते, त्याच्या चुकांसकट:
अलारम चारशे दहा. एक्स अक्सीस.
मग: थांबा सर.
मग: एक्स नाही. झेड आहे.
मी संध्याकाळपासून एक्सच उघडून बसलोय.

मी अंधारात हसतो. बायको कूस बदलते.

मग न विचारता:
सर, खाली येताना कुरकुरतंय,
आमच्याकडं नागली दळताना
जात्यात खडा यावा तसं.

आता कसं.
हा खडा कुठल्या फोटोत मावला असता?
मी लिहितो, आधी मेन बंद कर.
मग झेडच्या तेलाची नळी बघ.
बघ खोडतो, चाचप लिहितो.
चिमटलीय सर.
अडीच वाजता मशीन चालू.
आभाराचं म्हणून त्यानं एक फूल पाठवलं.
चित्र.

ऑगस्टात गंगापूरचे दरवाजे उघडले
आणि सगळं नाशिक फोटो काढत सुटलं.
चित्र. चित्र. चित्र. चित्र.
एकेचाळीस मोजले, मग फोन उशीखाली सारला.
कुणाकुणाला म्हणणार, लिहा.
या गावानं पूर कधी फुटात मोजला नाही,
मारुतीच्या अंगावर मोजला,
गुडघा म्हणायचं, कंबर म्हणायचं,
घरबसल्या सगळ्यांना पाणी कळायचं.

उशीखाली पुन्हा थरथर.
हर्षल.
सर, दुतोंड्याच्या छातीला लागलंय.
पाणी दूध कमी पडलेल्या चहासारखं.
झेंडूची एक पाटी वाहत आली, उलटी झाली नाही.
पुलावर सगळ्यांचे मोबाइल वर आहेत,
माझा खाली आहे, लिहितोय.

कोण बोललं याला? की कुणीच नाही?
दोनदा वाचून घेतलं.
छातीला, म्हणताना हात माझ्या छातीवर होता.

मग उत्तर दिलं:
कुठल्या तोंडाच्या बाजूनं उभा आहेस
ते नाही लिहिलंस.