एक दिवसाआड

नर्मदा आमच्या परदेशीपुऱ्यात एक दिवसाआड येते.
पहाटे साडेचारला, कधी पाचला,
कधी नळवाल्याच्या मर्जीने.
घाट चढून येते बिचारी, पंपामागून पंप,
म्हणून उशिराबद्दल मी तिला बोलत नाही.

आधी नुसती हवा.
तोटी खोकते, फुसफुसते,
म्हाताऱ्यासारखा घसा साफ करते.
समोरचा बबलू गच्चीवरून ओरडतो,
"मौसी, सो जाओ, आज नी आएगा."
मी बसून राहते पाटावर, हंडा तोटीखाली.

या वेळात मी प्रार्थना करते, असं पाळकांना वाटतं.
खरं सांगू? बरेचदा नुसती बसते.
डाळ भिजत घातली का,
गॅस कितीसा उरलाय,
आणि मधेच एखादी ओळ: प्रभू, मी इथं आहे.
तीही हवेचीच. फुस्स.

मग गढूळ येतं. ते कुंड्यांना.
माझीही पहिली बादली तशीच असते:
प्रमिला, माझी जाऊ, अकरा वर्षांपूर्वी
बाप्तिस्म्याच्या जेवणात सगळ्यांदेखत काय बोलली,
आणि मी काय बोलायला हवं होतं.
पूर्वी मला वाटायचं, हीच माझी प्रार्थना.

नऊ वर्षांची होते.
शब्बाथ शाळेत शांतवन ओहोळ गुरुजींनी उभं केलं,
स्तोत्राच्या तिसऱ्या ओळीला मी अडले.
दुसऱ्या रविवारी पुन्हा तिथंच.
"तबीथाला शिकवणं म्हणजे," गुरुजी म्हणाले,
"पालथ्या घड्यावर पाणी."
वर्ग हसला. सगळे हसत होते म्हणून मीही हसले.

त्यानंतर पन्नास वर्षं
मी उपासनेला मागच्या बाकावर, दाराशी.
पेरणाऱ्याचा दाखला वाचला जाई
तेव्हा चांगल्या जमिनीपाशी सगळे माना डोलवत
आणि मी वाटेवरच थांबलेली,
पाखरं येतात तिथं.
दवाखान्यात चादरी मोजल्या, उकळल्या, घड्या घातल्या,
नवरा मिलबरोबर थकला, मिलच्या मागून गेला.
वचन ऐकलं. ओघळून गेलं
असंच धरून चालले.

गेल्या मे महिन्यात हंडा चिंचेनं घासत होते.
तळाशी पांढरा थर, हट्टी.
मीठ टाकलं, नखानं खरवडला,
मग लक्षात आलं,
हा थर तर नर्मदेचाच.
चांगल्या पाण्यानंही बसतो,
रोज येतं म्हणून कुणी आत बघितलंच नाही तर.
दुपार गेली त्यात. बोटं झोंबली.
तांबं दिसलं तेव्हा हंडा धुतला
आणि ओट्यावर पालथा घातला, निथळायला.

हात तसाच राहिला त्याच्या बुडावर.

गुरुजी,
घडा पालथा कोण घालतं हो?
ज्याला तो उद्या भरायचाय, तोच ना?

रडले नाही. कचऱ्याची गाडी आली गाणं वाजवत,
ओला कचरा वेगळा द्यायचा होता.

तिसरी ओळ मला अजून पाठ नाही.
पण हल्ली अडले की थांबते,
पुढची आपणहून येईतो.
मागचं बाक सोडलं नाही, तिथं पंखा चांगला आहे.
नाताळच्या आधी प्रमिलाला फोन केला.
"कोण?"
"मी."
बराच वेळ हवाच.
मग ती म्हणाली, "गुडघे धरलेत माझे."
म्हटलं, "माझेही."
एवढंच. पुढच्या महिन्यात तिनं केला.

आज प्रेशर नव्हतं.
स्वच्छ पाणी आलं तेही करंगळीएवढ्या धारेनं,
आणि सहाच्या आत लाइन गेली.
हंड्यात वाकून पाहिलं, चार बोटं.
चहाचं होईल, बबलूच्या आईला तांब्याभर देता येईल.

परवा पुन्हा.