तीनाचा आठ

परभणीत, जिंतूर रोडला, टायरच्या दुकानावर
माझं टेबल, एक कूलर, दोन स्क्रीन.
खाली एका ट्यूबमधून हवा सुटते
तेवढ्यात मी कंट्रोल डी दाबून
सहा चौकटी रांगेत उभ्या करते.
हात माऊसकडं गेला की वेळ गेला,
हे माझं मीच शिकले.
दर दोन मिनिटांनी सेव्ह करायचं, हे मात्र
एप्रिलातल्या लाईटनं शिकवलं.
डावी करंगळी आता झोपेतही
उशीचा कोपरा दाबते.

मुंजाजी पेंटर कधीमधी जिना चढून येतात,
लेंग्यावर तीन इलेक्शनांचे रंग.
खुर्ची नको म्हणतात, ऑइलपेंटच्या डब्यावर बसतात
आणि बघत राहतात.

"हे काय करायलीस माय?"
गाईड टाकतेय काका. अक्षरं एका रेषेत बसावीत म्हणून.
"म्हणजे नीळ लावलेली सुतळी."
आणि हे मूळ. बाकीच्या सगळ्या त्याच्या नकला,
मूळ बदललं की नकला आपोआप बदलतात.
"छापा म्हण की."

त्यांचे छापे जुन्या एक्स-रेचे.
कितीतरी शाळांच्या दारांवर 'इयत्ता चौथी'
कुणाकुणाच्या बरगड्यांमधून उमटलेली आहे.

भाग्योदय बोअरवेलचे डिगांबरराव रेंगे
आमचं दोघांचं गिऱ्हाईक.
बोरी, झरी, पेडगाव, चारठाणा, अशी चाळीस गावं:
काकांच्या चाळीस भिंती,
माझी चाळीस पानं.

मार्चात भागीदार फुटला
आणि जाताना सिम घेऊन गेला.

नवा नंबर आला. मी मूळ उघडलं,
दहा आकडे, एंटर.
चहाला उकळी फुटायच्या आत चाळीस गावं बदलली.
काकांसमोर जरा मिरवलंच.
ते "हाव" म्हणाले, बशीतला चहा संपवला
आणि शिडी सायकलला बांधून निघाले.
मी मनातल्या मनात हिशोब केला:
आधी पांढरा हात, तो वाळायचा,
मग सुतळी, मग दहा आकडे.
पंधरा दिवस तरी उन्हात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत डब्यावर हजर.
"झालं."
चाळीस?
"चाळीस. लई झालं तर एका भिंतीला पाच मिनिटं."

मग सावकाश सांगितलं.
सिम घ्यायला डिगांबरराव एकटे गेले नव्हते.
दुकानदारानं नंबरांची यादी पुढं केली,
रेंगे शेठ शुभ अंक शोधत होते,
हे खिशातल्या तुटक्या खडूनं काउंटरवर
जुना नंबर लिहून बसले.
पुढचे सात आकडे तेच पाहिजेत.
शेवटी होतं तीन, एक, तीन.
तीनाची उघडी तोंडं मिटली की आठ.
एकाच्या डोक्यावर आडवी पट्टी दिली की सात.
आठशे अठ्ठ्याहत्तर सापडेपर्यंत
त्यांनी दुकानदाराला जेवायला जाऊ दिलं नाही.

मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले.
इतक्या युक्त्या पाठ माझ्या,
पण ग्राहकानं नंबर कोणता घ्यावा
हे कुठल्याच मेनूत नव्हतं.

याच्यापुढं सांगायचं नव्हतं, पण सांगते.
महिन्याभरानं रेंगे शेठचा फोन आला,
बोरीचं गिऱ्हाईक अजून भागीदाराकडंच जातंय.
पान उघडलं. जुना नंबर.
कधीतरी रात्री घाईत, नुसता निळा रंग गडद करायला
मी बोरीची नक्कल मुळापासून तोडली होती
आणि जोडायची विसरले होते.
एका क्लिकचा वेळ वाचवला होता,
तो महिनाभर दुसऱ्याच्या खिशात वाजत होता.

काकांना हे बोलले नाही.
रविवारी स्कूटीवर बोरीला गेले,
पंचायतीशेजारची भिंत बघायला.

नंबर बरोबर होता.
जवळून पाहिलं तर आठाची
उजवी बाजू तीन उन्हाळ्यांत विटलेली,
डावी अजून ओली असावी तशी निळी.