डावं-उजवं

पहिल्या बसने आली दोघं, पेइपस सरोवराच्या काठावरून,
आणि प्रयोगशाळेत त्यांच्याआधी शिरला कांद्यांचा वास.
फेव्रोनियाने वेणी घालून माळ आणली होती:
रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणाली.
मी ती खुंटीला टांगली, वायरींच्या गुंत्याशेजारी.
बाहेर तार्तूची नदी गोठलेली.

ती जन्मांध. एकाहत्तरीची.
धाकट्या कलिस्त्रातने अकरा वर्षं जग पाहिलं,
मग जाळ्यात आला युद्धातला गंजका गोळा.
डोळे गेले. हात वाचले.
हातांसाठीच तर बोलावलं होतं त्यांना.

काम सोपं, मी सांगितलं.
दोन्ही अनामिकांवर चिकटवते एकेक थरथरणारी टिकली.
(तुमच्या भाषेतही हिला नाव नाही?
नाही, ती म्हणाली, बिननावाचंच बोट.)
एक थरथर इकडे, लगेच एक तिकडे.
आधीची ज्या बोटात, ते उचलायचं. बस्स.

सरळ हातांनी दोघंही बिनचूक, जवळजवळ.

आता हात एकमेकांवरून पलीकडे न्या,
उजवा डावीकडे, डावा उजवीकडे.

आम्हां डोळसांची इथेच फजिती होते.
कातडी सांगते, उजव्या हाताला लागलं.
मेंदू विचारतो, हो, पण उजवा हात आत्ता आहे कुठे?
डावीकडे? मग लागलं कुणीकडे?
या विचारपुशीत जातो
पापणी लवायच्या निम्मा वेळ,
तेवढ्यात दुसरी थरथर दारात उभी.
दान करताना म्हणतात ना,
उजव्या हाताचं डाव्याला कळू नये;
इथे कळतं, पण पत्ता चुकतो.
मी स्वतः चुकले होते शंभरात एकोणतीस वेळा.

फेव्रोनिया चुकली तीनदा.
तिच्या हाताचा पत्ता म्हणजे हातच,
तो कुठेही जावो.

कलिस्त्रातचा आकडा सांगायला मी कचरले.
चौतीस.
आणि ती?
तीन.
आणि डोळस माणसं?
तुमच्याएवढीच चुकतात.

तो बराच वेळ गप्प.
हात अजून तसेच, एकावर एक, टेबलावर,
आणि मान त्यांच्याकडे वळलेली.
मग म्हणाला, म्हणजे आहे अजून ते आत.
काय?
बघणं.
सत्तावन्न वर्षं झाली, बाई.
आईचा रुमाल निळा होता की हिरवा,
शपथ घेऊन सांगता येत नाही आता.
बर्फ आठवतो, पण तो कुणालाही आठवेल.
आणि तुम्ही म्हणता, माझे हात
अजून डोळ्यांना विचारून चालतात?
तसंच काहीसं.
मग लावा ते यंत्र पुन्हा.
मला अजून चुकायचंय.

फेव्रोनिया बोटावरची चिकटपट्टी सोलत होती, सावकाश.
म्हणजे मी हुशार नव्हे, ती म्हणाली.
तुम्ही चुकत नाही.
तेच म्हणते मी.
आई आमच्यात कधी डावं-उजवं करायची नाही.
पण क्रूस करायला हा शिकला तिच्याकडे बघून,
आणि मला शिकवताना
तिने माझी दोन बोटं धरली आणि टेकवली
कपाळावर, पोटावर,
उजव्या खांद्यावर, मग डाव्या.
कितीतरी दिवस मला वाटायचं,
जग एवढंच आहे, चार ठिकाणांचं,
आणि मला ते पाठ आहे.

हे नोंदवायला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

चारच्या बससाठी निघाली दोघं.
दाराशी हातमोजे चढवताना
कलिस्त्रातचा डावा हात उजव्यात शिरला, अडकला.
तिने न बोलता उतरवला, बदलून दिला.
हीही लिहा, तो म्हणाला, जिन्यावरून हसत,
पस्तिसावी.